बिनखुणेची मेंढरं

परभणी,
५ डिसेंबर १९५६

म्हाळसाआत्याच्या पायांवर कस्तुराचं डोकं.

लिंबाजी मास्तर, पत्र आत्याला सावकाश वाचून दाखवा. आकडे दोनदा वाचा.

आत्या, पगार झाला. आपण आता मुंबई राज्यात गेलो म्हणे, पण रुपये तेवढेच, पासष्ट. पगार हातात आला की मी आधी मेंढीचे पाच रुपये चिंधीत बांधते, पाच पोस्टाच्या पुस्तकात भरते, दहा आबांना पाठवते आणि उरतील त्यात मी. घरमालकीण चतुराबाई म्हणतात, "मास्तरीणबाई, तुमचा संसार उलटा. लोक आधी खातात, मग ठेवतात." मी म्हटलं, आमच्याकडे कुणी ठेवलंच नाही कधी, म्हणून उलटं करून बघते.

चिंधीत अठरा रुपये जमले, ते मनिऑर्डरने पाठवले आहेत. एक मेंढी घे. ही पाचवी. बोली नेहमीचीच. मेंढी माझी, राखण तुझी, कोकरं अर्धी अर्धी. माझ्यांच्या उजव्या कानाला खूण, तुझ्यांच्या डाव्या. आता माझी किती आणि तुझी किती ते कळव, मला वहीत लिहायचं आहे.

एक गोष्ट अजून कुणाला सांगितली नाही. स्टेशनामागे एक जागा आहे, दोन खोल्या बसतील एवढी. मालक साडेचारशे मागतात. मी पन्नास इसार दिला. बाकीचे ५८ च्या पाडव्यापर्यंत द्यायचे, नाहीतर इसार बुडाला. जागा माझ्या नावावर होईल. आपण जन्मभर दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवणारी माणसं. आपल्यात कुणाचं नाव जमिनीच्या कागदावर आजवर लागलेलं नाही.

आबा बाजाराला आले होते. तेच विचारत होते, "भुजंगाचं काय कळलं का आत्याला?" आठ वर्षं झाली, आत्या. तुझा मुलगा बालाघाटात दुसऱ्याची मेंढरं राखायला गेला तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि आमची सुपारी फुटलेली होती. आबा म्हणतात, पोरगी भुजंगाची, तो येईपर्यंत मी दुसरीकडे बोलणार नाही. मी त्यांना भाकरी बांधून दिली.

तुझी,
कस्तुरा

❖

धनगरवाडी, सोनपेठ
२० डिसेंबर १९५६

(बाई बोलतील तसे लिहितो. माझा शब्द घातला तर कंसात घालीन. — लिंबाजी, टपालवाला)

कस्तुरे, अठरा रुपये पोचले. मेंढी घेतली. काळी हाय, कपाळावर पांढरा टिळा. इकनारा बावीसच्या खाली येईना. मी म्हणलं, बाबा, बावीसात मेंढीसंगं तुला बी घिऊन जाईन, चारा मातर तुझा तू बघ. मग आला अठरावर.

तुझी नऊ, माझी चार. लिंबाजीला म्हणलं दोनदा लिही, तर तो म्हनतो एकदाच पुरं. मेंढरं अशी मोजू न्हाईत, बाई. मोजली की घटतेत. तू मास्तरीन, तुला मोजल्याबिगर जेवन जात न्हाई, म्हून सांगती.

सांजंला काटेरी कुपाच्या आत घेताना मी एकेकीच्या पाठीवर हात ठिवती. रोज एक जास्तच भरती. तोंडं बघावी तर सगळी आपलीच. पुन्यांदा हात ठिवावा तर पुन्यांदा एक जास्त. आता भिणं सोडलंय. आलंय तर येऊ दे, म्हनती.

भुजंगाचं काय इचारतीस? तिकडंच हाय तो. तुझ्या आबाला, ग्यानबाला म्हणावं, घाई करू नगं. जागा घे. लय चांगली गोष्ट हाय. दार उगवतीला ठिव.

म्हाळसाबाई, तिचा अंगठा

(मनिऑर्डर द्यायला मी स्वतः गेलो होतो. मेंढरे कुपात बसलेली. नऊ आणि चार तेरा होतात. मला सोळा दिसली. तीन बिनखुणेची. शेजाऱ्याची असतील. हे एवढे बाईंना वाचून दाखवले नाही.)

❖

परभणी,
११ जानेवारी १९५७

आत्यास नमस्कार.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. तीन फाडली.

तेरा आणि सोळा यांच्यात तीनचा फरक आहे. लिंबाजी मास्तरांनी मला कळवलं म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस, आणि मास्तर, तुम्ही मला न विचारता सांगितलंत त्याचं ओझं आता तुम्हीही थोडं घ्या. हे वाचून दाखवा.

माझा संशय नाही, आत्या. संशय असता तर मी दर महिन्याला पाच-पाच रुपये जमवून तुझ्या हातात दिलेच नसते. पण फरक दिसला की मला बसवत नाही. ती बिनखुणेची तीन कुणाची? शेजाऱ्याची असतील तर तसं लिही, मी वहीतली पेन्सिलीची रेघ पुसून टाकीन. आपली असतील तर त्यांना खूण का नाही?

इथेही एक होतं आहे. माझ्या वर्गात पटावर चौतीस मुली. सगळ्या आल्या आहेत असं हजेरीवर दिसतं, तरी डोकी मोजली की पस्तीस भरतात. परत मोजलं की चौतीस. मागच्या भिंतीशी कुणीतरी घोंगडी पांघरून बसलं आहे असं वाटतं. तिथे तर पाण्याचा रांजण आहे. तुझ्या कुपाचं वाचल्यापासून हे जास्तच व्हायला लागलं आहे. चतुराबाई म्हणतात, पोटभर जेवत जा, सगळं बरोबर भरेल.

रागावू नकोस.

कस्तुरा

❖

धनगरवाडी, सोनपेठ
१७ मार्च १९५७

(बाई दोन महिने माझ्याशी बोलत नव्हत्या. आज आल्या आणि म्हणाल्या, लिही. — लिंबाजी)

मास्तरीनबाई, रामराम.

लिंबाजीचा डोळा लय तेज हाय. त्याला टपालात कशाला ठिवलाय, तलाठी करा म्हणावं. (लिहितो आहे.) लिही, लिही.

चोरली म्हन. तोंडावर म्हन. तुझी पैली मेंढी, तिचं पैलं कोकरू. तुझा-माझा वाटा करायच्या आदी ते मी बाजूला काढलं. मादी व्हती. तिला खूण केली न्हाई. तिच्या पोटच्या दोगी, त्यांना बी न्हाई. झाल्या तीन. त्या भुजंगाच्या हायेत.

तो आला तर रिकाम्या कुपात यील का? माय काय म्हनंल त्याला? तुझ्या मामाच्या पोरीनं पगारातनं मेंढरं केली, अन् तू कोरडा? पैसं असं साठत न्हाईत, बाई. एक बाजूला काढून इसरून जावं लागतंय. मोजलं की हात लागतोय. म्हून मी ती मोजलीच न्हाईत. तुला न्हाई सांगितली, लिंब्याला न्हाई, अन् सवताला बी न्हाई.

अन् तूच वाचलंस ना कार्ड? पोलीस ॲक्शन झाली त्या सालच्या दिवाळीत, आमच्याच वट्यावर. माझ्या घरात आलेलं पैलं अन् शेवटचं कार्ड. वाडीत दुसऱ्या कुनाला वाचता येत नव्हतं. तू वाचलंस, भुजंग खुशाल हाय, लांबच्या रानात चाकरी लागलीय, कवा येनं व्हईल सांगता येत न्हाई. तुझ्या तोंडानं ऐकलं. तू म्हणलीस म्हून ठिवली मी.

आता म्हन, कुनी चोरली.

अंगठा

❖

परभणी,
२१ जुलै १९५७

आत्यास नमस्कार.

उत्तराला चार महिने लागले. आजारी नव्हते. शाळेला सुट्टी होती तरी वाडीला आले नाही. आबांना सांगितलं की काम आहे. काम काही नव्हतं.

ती तीन राहू दे. मी वहीतून काढून टाकली. परत विचारणार नाही. तू चोरली असं मी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही.

मला फक्त ते कार्ड हवं आहे. तू ठेवलं असशील तर पाकिटात घालून पाठव. उजवीकडचा वरचा कोपरा उंदराने खाल्लेला होता, त्यावरून ओळखू येईल. मास्तरांना वाचायला देऊ नकोस. अक्षर फार वाईट होतं, त्यांना उगाच त्रास. मास्तर, हे वाक्यही तुम्हालाच वाचावं लागतं आहे, माफ करा.

जागेचे पैसे पुढच्या पाडव्याला द्यायचे आहेत. पोस्टात एकशे साठ होतील. बारा मेंढ्या विकल्या तर बाकीचे उभे राहतात, म्हणजे यंदाची कोकरं धरून माझी सगळी. जागा होते, पण बियाणं संपतं. तीन वर्षांचं एका सकाळी बाजारात जातं. काय करावं समजत नाही. कधी कधी वाटतं, इसार बुडू द्यावा. काही गोष्टींचा पायाच बरोबर नसतो.

कस्तुरा

❖

धनगरवाडी, सोनपेठ
१८ ऑगस्ट १९५७

कस्तुरे, कार्ड द्यायचं न्हाई. पत्र्याच्या डबीत हाय, खंडोबाच्या भंडाऱ्यासंगं. तिथंच ऱ्हाईल.

अन् उंदरानं न्हाई खाल्लं ते. त्या साली आमच्या घरात उंदराला यायला काय व्हतं?

तुझी बारा, माझी सात. तुला पायजे तसं सांगितलं. बिनखुणेच्या तिघींना तीन झाली, तिन्ही माद्या. सहा म्हन. देवानं बी त्याचंच बघितलं यंदा.

बियानं मोडू नगं. इसार बी बुडवू नगं. पायाचं काय म्हणलीस ते मला कळलं न्हाई. पाया दगडाचा आसतोय.

सांजंला एक जास्तच यायलंय आजून. परवा टिळ्यावाली कुपाच्या तोंडाशी थांबली अन् मागं बघाया लागली. कुनाला तरी वाट दिल्यावानी. मी बी जरा सरून उभी राह्यले.

अंगठा

(बाई हे सांगताना रडत नव्हत्या. हसतही नव्हत्या. मला तिथून उठून जावेसे वाटले. — लिंबाजी)

❖

परभणी,
९ सप्टेंबर १९५७

श्री. लिंबाजी मास्तर यांस,

हे पत्र तुमच्या नावाने आहे, आत्याला वाचून दाखवायचं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अशी की, तुम्ही इतकी वर्षं वाड्यावस्त्यांवर लोकांची पत्रं वाचून दाखवता. सगळं जसंच्या तसं वाचता का? समोर बसलेल्या माणसाचं तोंड बघून कधी एखादी ओळ गाळली, बदलली, असं झालं आहे का?

दुसरी म्हणजे, "उंदरानं न्हाई खाल्लं" या बोलण्याचा अर्थ काय? पत्र आल्यापासून मी तेच घोळवते आहे. कोपरा तर गेलेला होता. मी स्वतः पाहिला.

तसदीबद्दल क्षमा असावी.

कस्तुरा

❖

सोनपेठ,
२ ऑक्टोबर १९५७

कस्तुराबाईंना लिंबाजीचा नमस्कार.

पहिल्या सवालाचा जवाब. टपालवाल्याचा दस्तूर असा, की लिहिले तसे वाचावे. माणूस त्याच भरवशावर तुमच्यापुढे बसतो. तरी दोनदा चुकलो आहे. एकदा एका सासुरवाशिणीला बापाच्या शिव्या वाचून दाखवल्या नाहीत. दुसऱ्यांदाचे सांगत नाही. तुम्ही विचारलेत म्हणजे तुम्हालाही ठाऊक असेल, की गाळलेली ओळ वाचलेल्या ओळीपेक्षा जास्त दिवस तोंडात राहते.

दुसऱ्या सवालाचे मला नवल वाटले. तुम्ही एवढ्या शिकलेल्या! कोपरा फाडलेले कार्ड म्हणजे मयताची खबर. लिहिणारा मुद्दाम फाडतो, म्हणजे घेणाऱ्याला हातात पडताक्षणीच समजावे, वाचणारा मिळेपर्यंत थांबायला नको. असली कार्डे माझ्याकडे वाचायला फार कोणी आणत नाही. बाया दारातच कोपऱ्यावर बोट फिरवतात आणि खाली बसतात. ज्यांना एक अक्षर येत नाही त्यांनाही हे वाचता येते. ते कार्ड घरातही ठेवत नाहीत. अंघोळ करतात आणि फाडून टाकतात.

तुमच्या घरात आधी पत्रच कधी आले नसेल, तर तुम्हाला कसे ठाऊक असणार? शाळेत हे शिकवत नाहीत.

बाईंच्या डबीत काय आहे ते मी विचारलेले नाही.

आपला,
लिंबाजी

❖

परभणी,
१४ नोव्हेंबर १९५७

श्री. लिंबाजी मास्तर यांस,

तुमचं पत्र येऊन सहा आठवडे झाले. कुणालातरी सांगितल्याशिवाय मला पुढचं काही करता येणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

दिवाळीचा दुसरा दिवस होता. आत्या वट्यावर दळण निवडत होती. कार्ड तिच्याच हातात होतं. तिने ते मला दिलं आणि म्हणाली, "वाच." मी चौथीत होते. सगळ्या वाडीत मीच वाचणारी, म्हणून मला त्याचा गर्व होता. पहिली ओळ मनात वाचली आणि वर पाहिलं. आत्या माझ्याकडे बघत होती. मग मी मोठ्याने दुसरंच वाचलं. खुशाल आहे, चाकरी लागली आहे. मला वाटलं उद्या खरं सांगेन. उद्या आणखी अवघड झालं.

कार्डावर खरं काय होतं ते मी नऊ वर्षांत एक दिवसही विसरले नाही. "म्हाळसाबाईचा भुजंग पटकीने दसऱ्याआधी वारला. माती इथेच दिली. घोंगडी व पगाराचे आठ रुपये आमच्याकडे आहेत. कोणी येऊन न्यावे." कोणी गेलं नाही. कोणाला ठाऊकच नव्हतं. त्याची घोंगडी कुठे गेली आणि ते आठ रुपये कुणी घेतले, हे माझ्यामुळे कधी समजणार नाही.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. त्या खोट्याचा फायदा मला झाला. भुजंग गेला असं कळतं तर आबांनी पुढच्याच उन्हाळ्यात मला दुसऱ्या घरी दिली असती. आमच्यात तेराव्या वर्षी कोण थांबवतं? तो "येणार" होता म्हणून मी घरात राहिले. घरात राहिले म्हणून सातवी झाले, नोकरी लागली, पासष्ट रुपये आले, मेंढ्या आल्या, जागेचा इसार दिला. लोक मला म्हणतात, थोड्या पगारात बघा कसं जमवलं. मी एकेक रुपया जपून ठेवला हे खरं. पण पहिला रुपया कुठून आला ते मला ठाऊक आहे. पहिली मेंढी घेतली तेव्हा अठरातले दहा माझे आणि आठ त्याचे, असं मी मनात धरलं होतं. आणि त्याच मेंढीचं पहिलं कोकरू आत्याने, मला काही न सांगता, त्याच्या नावाने बाजूला काढलं. हे वाचलं तेव्हा मी पत्र उलटं ठेवलं.

मला वाटायचं, मी आत्याला फसवलं. आता तुम्ही म्हणता, तिला कार्ड हातात पडलं तेव्हाच समजलं होतं. म्हणजे माझ्या हातात देताना तिला ठाऊक होतं. मी खोटं वाचत होते तेव्हाही ठाऊक होतं. नऊ वर्षं मी तिच्यासमोर खोटी वागले आणि ती माझ्यासमोर. तिचा मुलगा मेला, आणि माझ्यामुळे तिला रडताही आलं नाही.

हे तिला कसं सांगू? पत्र लिहिलं तर ते तुम्ही वाचणार. माझं खोटं माझ्या तोंडून ऐकलं तिने, आणि खरं मात्र तुमच्या तोंडून ऐकायचं? समोर जायची हिंमत होत नाही. पुन्हा तिच्या तोंडाकडे बघेन आणि पुन्हा दुसरंच काहीतरी वाचेन.

म्हणून सोबत एक कार्ड पाठवते आहे. त्यावर पत्ता आहे, बाकी कोरं आहे. ते तिच्या हातात द्या. वाचायला तिला तुमची गरज लागणार नाही.

कोपरा मी स्वतः फाडला आहे.

कस्तुरा

❖

सोनपेठ,
९ डिसेंबर १९५७

कस्तुराबाई,

कार्ड दिले. जसे घडले तसे लिहितो, गाळत नाही.

सकाळी गेलो. बाई कुपाला काटे लावत होत्या. कार्ड हातात ठेवले. त्यांनी अक्षरांकडे पाहिलेच नाही, कोपऱ्यावर बोट फिरवले. विचारले, "कवाचं हाय?" मी म्हटले, आजचे आहे. "कस्तुराचं?" होय म्हटले. मग काट्यांची मोळी खाली ठेवली आणि वाटेवरच बसल्या. त्यांचा हंबरडा ऐकून वाडीतल्या बाया धावत आल्या. काय झाले कोणालाच कळेना. कोण गेले, कोण गेले विचारतात. बाई म्हणाल्या, "माझा भुजंग." एक म्हातारी म्हणाली, "कधी?" तर म्हणाल्या, "आज."

गोदागंगेवर जाऊन अंघोळ केली. दहा दिवस रीतसर पाळले. तुमचे वडील ग्यानबा येऊन बसून गेले. त्यांना बाईंनी काय सांगितले ते मला माहीत नाही, पण जाताना ते म्हणाले, "पोरीला म्हणावं, माझं तिच्यावर काय बंधन न्हाई."

अकराव्या दिवशी बाई डबी घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "आता वाच, आसंल तसं." मी वाचले. घोंगडी आणि आठ रुपयेसुद्धा. ऐकून त्यांनी कार्ड परत मागून घेतले. मग म्हणाल्या, "पोरीनं लय चांगलं वाचलं व्हतं."

दोन्ही कार्डे त्यांनी फाडून गंगेत सोडली. पुढचे त्यांच्या तोंडचे.

कस्तुरे, ऐक. त्या दिवशी दारात बोट लागलं तवाच माझं सगळं संपलं व्हतं. तुला दिलं ते ह्याच्यासाठी की कुनीतरी म्हणावं. मला म्हनवत नव्हतं. तू वर बघितलंस अन् म्हणलीस खुशाल हाय. एवढीशी तू, अन् मला जित्तं पोरगं दिऊन मोकळी झालीस. मी म्हणलं, घ्यावं. चार दिस घ्यावं. मग चाराचं वरीस झालं. तू शाळंत जात व्हतीस. मला दिसत व्हतं, त्याचं नाव हाय तवर तुला कुनी हात लावत न्हाई. म्हणलं, जित्ता न्हाई ऱ्हायला तर न्हाई, राखनीला तरी ऱ्हाऊ दे. तो लय चांगला राखन्या व्हता.

पायाचं म्हणली व्हतीस तू. तुझ्या जागंचा पाया खोट्याचा न्हाई. तो भुजंग हाय तिथं.

काल सहाच्या सहा मेंढ्यांना खूण केली. तीन उजव्या कानाला, तीन डाव्या. वाट्याच्या आदी काढली व्हती न्हवं, आता वाट्यात घातली. अर्धली म्हंजी अर्धली. तुला वाटंल आत्यानं समदी तुला दिली. तशी येडी न्हाई मी.

तुझी आता पंधरा, माझी दहा. बारा बाजारात ने, जागा घे. तीन माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. तीनाची बारा व्हायला तुला ठाव हाय किती वर्सं लागतेत. लागू दे. तू जवान हायस अन् पगार चालू हाय. यंदाच्या बारक्या तिघी तुझ्या वाट्याला आल्यात, त्यांना ह्या साली इकू नगं, एवढंच.

पंचवीस. लिंबाजी, दोनदा लिही. पंचवीस.

काल सांजंला कुपात घेताना एकेकीच्या पाठीवर हात ठिवला. पंचवीसच भरली. पुन्यांदा मोजली. पंचवीसच. टिळ्यावाली कुपाच्या तोंडाशी थांबली न्हाई, सरळ आत गेली. मी काटा लावला.

मग जरा येळ भाईरच उभी राह्यले. उगंच.

अंगठा